हंगामी काम, बारमाही गरज : जालना जिल्ह्यातील रोजगाराचा इतिहास

जालना जिल्ह्यातील रोजगाराचे वेळापत्रक दीर्घकाळ पावसाने ठरवले आहे. वर्षाला सरासरी ६५० ते ७५० मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत आणि खंड पाडत. दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते, आतून पूर्णा, दुधना आणि कुंडलिका या नद्या वाहतात, पण उन्हाळ्यात यांची पात्रे बहुतेक कोरडी असतात. मृगात पेरणी, श्रावण-भाद्रपदात खुरपणी, दसऱ्यापासून सोंगणी आणि कापूस वेचणी, थोडी ओल असेल तर रब्बीची ज्वारी, असे काम वर्षाच्या काही महिन्यांत दाटीवाटीने येते आणि मग संपते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १९,५९,०४६ होती आणि दर पाच माणसांपैकी चार खेड्यांत राहत होती. एवढ्या लोकांना उरलेल्या महिन्यांत काम कुठून मिळणार, हा जालन्याच्या बेकारीचा मूळ प्रश्न आहे. त्याची उत्तरे प्रत्येक पिढीने वेगवेगळ्या मार्गांनी शोधली. या लेखात त्या मार्गांचा क्रमाने आढावा घेतला आहे.

बाजारपेठ आणि छावणी

निजामाच्या हैदराबाद संस्थानात जालना हे व्यापाराचे मोठे ठाणे होते. कुंडलिकेच्या एका तीरावर जुने जालना आणि दुसऱ्या तीरावर कादराबादची पेठ, अशी या गावाची जुनी रचना आहे. धान्य, कापूस आणि कापड यांची येथे उलाढाल होई. ‘जालना, सोन्याचा पालना’ ही म्हण त्या भरभराटीची आठवण जपते. १८०३ मध्ये जिल्ह्याच्या उत्तर भागातील असई येथे मराठे आणि इंग्रज यांची लढाई झाली. त्यानंतरच्या काळात जालन्यात हैदराबाद कंटिंजंटची लष्करी छावणी वसली. छावणीला धान्य, वैरण, कापड, चामड्याच्या वस्तू, गाड्या आणि नोकरचाकर असे सगळे लागे. त्यामुळे परिसरातील कारागिरांना आणि मजुरांना बारमाही गिऱ्हाईक मिळाले. १९०३ मध्ये कंटिंजंट भारतीय सैन्यात विलीन झाले, छावणी उठली आणि तिच्यावर पोट असलेल्यांचा आधार गेला. एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर अवलंबून असलेला रोजगार किती नाजूक असतो, याचे जिल्ह्याच्या इतिहासातील हे पहिले ठळक उदाहरण.

खेड्यात मात्र कामाची व्यवस्था निराळी होती. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, मांग, महार यांना वर्षभराच्या कामाबद्दल सुगीत धान्याच्या रूपाने बलुते मिळे. मोठ्या शेतकऱ्याकडे सालगडी असत. पाडव्याला साल धरायचे आणि पुढच्या पाडव्यापर्यंत त्या घरचे काम करायचे, असा रिवाज होता. या व्यवस्थेत कोणी उघडपणे बेकार दिसत नसे, कारण प्रत्येकाला जन्मानेच काहीतरी काम वाटून दिलेले होते. पण मोबदला ठरवण्याचा अधिकार काम करणाऱ्याकडे नव्हता आणि काम सोडून दुसरे धरण्याची मोकळीकही नव्हती. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती धर्मोपदेशक नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत उभी केली. तिथे मुख्यतः मांग आणि महार समाजांतून ख्रिस्ती झालेली कुटुंबे राहत. गावगाड्याबाहेर स्वतःची जमीन आणि स्वतःचे काम मिळवण्याच्या या भागातील सुरुवातीच्या प्रयत्नांमध्ये बेथेलची गणना करावी लागते.

रेल्वे आणि कापूस

१९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्यातील मीटरगेज रेल्वे जालन्याहून गेली. रुईच्या गाठी थेट मुंबईच्या बाजारात जाऊ लागल्या. जालन्यात सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. हमाल, गाडीवान, तोलारी, मुनीम आणि कारखान्यातील मजूर असा नवा वर्ग शहरात तयार झाला. तरीही हे कारखाने कापसाच्या हंगामापुरते चालत. खेड्यातल्या कामाचा हंगाम शहरातल्या कामालाही चिकटला.

रेल्वेने काही लोकांचे काम हिरावूनही घेतले. शेकडो बैलांचे तांडे घेऊन मीठ आणि धान्याची वाहतूक करणाऱ्या बंजारा समाजाचा धंदा रस्ते आणि रेल्वे आल्यावर बसला. तांडे डोंगरकडेच्या, हलक्या जमिनीच्या गावांजवळ स्थिरावले. मंठा आणि परतूर तालुक्यांत आजही असे अनेक तांडे आहेत. वाहतूकदारांचा हा समाज शेतमजुरीकडे आणि पुढे ऊसतोडीकडे वळला. एका शोधाने एका गटाला काम दिले आणि दुसऱ्याचे काढून घेतले, असा प्रकार पुढेही वारंवार घडला.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या आणि १९५० च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. उद्योग, शिक्षण आणि सिंचन या तिन्ही बाबतींत मुंबई-पुण्याच्या मानाने हा प्रदेश फार मागे होता. शिकलेल्या तरुणाला नोकरी द्यायला कारखाने नव्हते आणि न शिकलेल्याला बारमाही काम द्यायला पाणी नव्हते. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा स्थानिक तरुणांना नोकऱ्या मिळाव्यात ही त्यांची एक प्रमुख मागणी होती.

१९७२ चा दुष्काळ आणि रोजगार हमी

१९७० पासून तीन वर्षे पावसाने हात आखडता घेतला आणि १९७२-७३ मध्ये महाराष्ट्राचा मोठा भाग दुष्काळात होरपळला. मराठवाड्यातल्या वयस्कर माणसांच्या बोलण्यात ‘बहात्तरचा दुष्काळ’ हा आजही काळ मोजण्याचा टप्पा आहे. सरकारने रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग आणि खडी फोडण्याची कामे काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर अशा कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. कामावर सुकडी मिळे, रेशनवर परदेशातून आलेली मिलो ज्वारी मिळे. एरवी मजुरीला न जाणारे जमीनदार शेतकरीही हजेरीच्या रांगेत उभे राहिले. अवर्षणात जमीन असलेला आणि नसलेला दोघेही एकाच वेळी बेकार होतात, हे सर्वांनी पाहिले.

या अनुभवातून रोजगार हमी योजनेला बळ मिळाले. विठ्ठल सखाराम पागे यांच्या कल्पनेतून सांगली जिल्ह्यातील तासगावात १९६९ मध्ये सुरू झालेला प्रयोग १९७२ मध्ये राज्याने स्वीकारला. १९७७ मध्ये कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. अंगमेहनतीचे काम मागणाऱ्या ग्रामीण प्रौढाला काम देणे हे राज्याचे कर्तव्य ठरले. शहरातील नोकरदार आणि व्यावसायिकांकडून व्यवसाय कर घेऊन त्यासाठी पैसा उभा करण्यात आला. स्त्री-पुरुषांना कामाच्या मोजमापानुसार सारखी मजुरी हे या योजनेचे मोठे वैशिष्ट्य होते. शेतमालकाकडे पुरुषापेक्षा कमी रोज मिळवणाऱ्या बायका हमीच्या कामावर मोठ्या संख्येने आल्या, याचे हे एक महत्त्वाचे कारण.

१९९० पासून फळबाग लागवड रोजगार हमीशी जोडली गेली. खड्डे घेणे, रोपे लावणे आणि ती जगवणे यांचा मजुरीचा खर्च योजनेतून मिळू लागला. जालना, अंबड, घनसावंगी आणि बदनापूर या पट्ट्यात मोसंबीच्या बागा पसरल्या, त्यात या अनुदानाचा मोठा वाटा होता. ‘जालना मोसंबी’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. मोसंबीने छाटणी, पाणी देणे, तोडणी, भराई आणि वाहतूक अशी कामे दिली आणि आंबिया व मृग या दोन बहारांमुळे ती वर्षाच्या वेगवेगळ्या वेळी आली. २००५ च्या केंद्रीय कायद्याने देशभर दरवर्षी प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली. महाराष्ट्रात त्यापुढच्या दिवसांचा भार राज्याने उचलला. कामे मात्र बदलली. सामुदायिक पाझर तलावांच्या जागी वैयक्तिक लाभाच्या विहिरी, शेततळी, गोठे आणि फळबागा आल्या. मजुरी उशिरा मिळते आणि मागितले की काम निघतेच असे नाही, या तक्रारी सुरुवातीपासून कायम आहेत. त्यामुळे ज्याला रोज संध्याकाळी चूल पेटवायची आहे, तो हमीच्या कामापेक्षा ऊसतोडीच्या मुकादमाची आगाऊ उचल पत्करतो.

कोयता आणि उचल

साखर कारखानदारी १९५० नंतर पश्चिम महाराष्ट्रात वाढली आणि तिला ऊस तोडणारे हात मराठवाड्याच्या कोरडवाहू भागातून मिळाले. बीड जिल्ह्याचे नाव यात प्रथम घेतले जाते, पण जालना जिल्ह्यातील मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड आणि भोकरदन तालुक्यांतूनही टोळ्या जातात. दसरा-दिवाळीला गाव सोडायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायचे, हा त्यांचा क्रम. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम हंगामाआधी उचल देतो आणि ती तोडलेल्या उसाच्या टनांवर फिटते. पाऊस कमी झाला, ऊस कमी पडला किंवा घरात आजारपण आले तर उचल फिटत नाही आणि पुढच्या हंगामाचे काम आधीच गहाण पडते. मुले आईवडिलांबरोबर थळावर, म्हणजे तोडणीच्या ठिकाणच्या वस्तीवर, राहतात आणि त्यांची शाळा सुटते. अशी मुले मोठी झाली की त्यांच्या हातीही बहुधा कोयताच येतो.

जिल्ह्याच्या आतही ऊस आला. जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्‌घाटन झाले. धरणाचा डावा कालवा अंबड, घनसावंगी आणि परतूर भागांतून जातो. या पाण्यावर गोदाकाठी ऊस वाढला आणि अंकुशराव टोपे यांच्या पुढाकाराने अंबड तालुक्यात समर्थ सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तोडणी कामगार पुरवणाऱ्या जिल्ह्याला आता स्वतःच्या उसासाठीही तोडणी कामगार लागू लागले. कालव्याचे पाणी मात्र दक्षिणेकडेच राहिले. भोकरदन, जाफराबाद आणि मंठ्याच्या चढाच्या जमिनी पूर्वीसारख्याच आभाळाकडे पाहत राहिल्या, आणि जिल्ह्यातल्या जिल्ह्यात कामाची विषमता वाढली.

बियाण्यांचे गाव

१ मे १९८१ रोजी औरंगाबाद (आताचा छत्रपती संभाजीनगर) आणि परभणी जिल्ह्यांतील भाग काढून जालना जिल्हा झाला. त्याआधीच जालन्याच्या एका धंद्याने देशाचे लक्ष वेधले होते. बद्रीनारायण बारवाले यांनी दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘पुसा सावनी’ भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात करून १९६४ मध्ये महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजेच महिको, स्थापन केली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार आणि २००१ मध्ये पद्मभूषण मिळाले. पुढे इतर अनेक बियाणे कंपन्या जालन्यात आल्या आणि हे शहर देशातील बियाणे उद्योगाचे एक प्रमुख केंद्र बनले.

रोजगाराच्या दृष्टीने या उद्योगाचे महत्त्व कारखान्याच्या भिंतीबाहेर जास्त आहे. संकरित बियाणे शेतातच तयार होते. कपाशीत मादी झाडाच्या कळीतले पुंकेसर आदल्या दिवशी हाताने काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाच्या फुलाचे पराग तिच्यावर लावायचे, हे काम कित्येक आठवडे रोज करावे लागते. टोमॅटो, मिरची, काकडी यांच्या बियाण्यांसाठीही असेच नाजूक काम असते. जाफराबाद आणि भोकरदन तालुक्यांत, तसेच शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा परिसरात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बीजोत्पादन पसरले. दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याला अर्ध्या एकरात कुटुंब गुंतवून ठेवता आले आणि गावातल्या बायकांना सलग काम मिळाले. या कामात देशभरात, मराठवाड्यासह, लहान मुले राबवली गेली ही त्याची काळी बाजू आहे. मुलांची बोटे बारीक आणि मजुरी कमी, एवढ्याच हिशेबावर ती पद्धत चालली. पुढे तिच्यावर टीका झाली, कंपन्या आणि सरकारवर दबाव आला.

२००२ मध्ये देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली, ती महिको-मोन्सँटोच्या वाणांना. बोंडअळीसाठीच्या फवारण्या सुरुवातीला कमी झाल्या आणि कपाशीचे क्षेत्र वाढले. त्यामुळे वेचणीचे, म्हणजे मुख्यतः बायकांचे, किलोवर मिळणारे काम वाढले. त्याच सुमारास सोयाबीन पसरले आणि त्याचा परिणाम उलटा झाला. सोंगणी आणि मळणी मिळून थोड्या दिवसांत पीक हातावेगळे होते. तणनाशकाने खुरपणीचे रोज घटवले, ट्रॅक्टरने बैल आणि सालगडी दोन्ही कमी केले, मळणीयंत्राने खळे संपवले. रोजंदारीच्या जागी उक्ते काम, म्हणजे गुत्ते, रूढ झाले. ऐन हंगामात मजूर मिळत नाही अशी शेतकऱ्याची तक्रार आणि वर्षातून काहीच महिने काम मिळते अशी मजुराची तक्रार या दोन्ही खऱ्या आहेत, कारण काम वर्षभर विखुरण्याऐवजी अधिकच दाट झाले आहे.

भट्ट्या आणि बाहेरचे हात

जालन्यात ना लोहखनिज आहे ना कोळसा. तरीही येथे भंगार वितळवून लोखंडी सळया बनवणारे कारखाने उभे राहिले. व्यापारी भांडवल, रेल्वे, औद्योगिक वसाहतीतील जागा आणि वीज यांच्या जोरावर शहराला पोलाद नगरी अशी ओळख मिळाली. डाळ मिल आणि तेल गिरण्यांच्या जुन्या उद्योगाला ही नवी जोड होती.

पण भट्टीजवळच्या, धोक्याच्या आणि उष्णतेच्या कामांवर मोठ्या प्रमाणात बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आदी राज्यांतील मजूर आहेत. ठेकेदार त्यांना टोळीने आणतात. ते कारखान्याच्या आसपास राहतात, पाळी बदलली तरी हजर असतात आणि शेतीसाठी अधूनमधून गावी जाण्याची त्यांना सोय नसते. स्थानिक माणसाचा ओढा रोज घरी परतता येईल आणि खरिपाचा हात सुटणार नाही अशा कामाकडे असतो. त्यामुळे एकाच जिल्ह्यात दोन प्रवाह उलट दिशांनी वाहतात. मंठ्याहून जोडपी ऊसतोडीला बाहेर जातात आणि त्याच वेळी हजार किलोमीटरवरून माणसे जालन्याच्या भट्टीवर येतात. दोघांनाही घर सोडावे लागते आणि दोघांच्याही कामाला कायमपणाची हमी नसते.

ही अस्थिरता ८ मे २०२० च्या पहाटे साऱ्या देशाला दिसली. टाळेबंदीत काम थांबलेले, जालन्यातील पोलाद कारखान्यात राबणारे मध्य प्रदेशातील मजूर गावी जाणारी गाडी पकडण्यासाठी लोहमार्गाने चालत निघाले होते. करमाडजवळ ते थकून रुळांवरच झोपले आणि मालगाडीखाली १६ जणांचा मृत्यू झाला. ज्यांच्या कष्टावर शहराचा उद्योग चालतो, त्यांची कुठलीही नोंद, निवारा आणि प्रवासाची सोय संकटकाळी हाताशी नव्हती. जालन्याच्या रोजगाराच्या इतिहासात या घटनेची नोंद कायम राहिली पाहिजे.

पाणी अडले तेथे

२०१२-१३ च्या दुष्काळात जालना हा राज्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. मोसंबीच्या बागा जळाल्या. अनेक वर्षे जपलेली झाडे तोडून सरपण करावी लागली आणि त्यांच्याबरोबर तोडणी-भराईचे कामही गेले. त्याच वर्षी जालना तालुक्यातील कडवंची गावात द्राक्षबागा उभ्या होत्या. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने, विजयअण्णा बोराडे यांच्या नेतृत्वाखाली, १९९६ पासून तेथे पाणलोटाचे काम केले होते. शेतांचे बांध, नाल्यांवरचे बंधारे आणि पुढे शेतकऱ्यांनी खोदलेली शेततळी यांमुळे पावसाचे पाणी गावातच राहिले. द्राक्षाला छाटणीपासून तोडणीपर्यंत हात लागतात. त्यामुळे गावातल्या माणसाला बाहेर जाण्याची गरज कमी झाली आणि उलट बाहेरून मजूर येऊ लागले. एकरी लागणाऱ्या श्रमाचे दिवस वाढवणे हाच शेतीतील बेकारीवरचा खरा उपाय आहे, हे कडवंचीने दाखवले.

याच दिशेने आणखी काही प्रयत्न झाले. भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई येथे हिरव्या मिरचीचा बाजार वाढला आणि तोडणीला मजूर लागू लागले. २०१८ मध्ये जालना बाजार समितीत रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली. त्याआधी मराठवाड्याच्या शेतकऱ्याला कोष घेऊन कर्नाटकातील रामनगरपर्यंत जावे लागे. तुतीच्या एका एकरावर वर्षात अनेक वेळा कोष काढता येतात, त्यामुळे पैसा आणि काम दोन्ही वर्षभर विखुरतात. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे केंद्र, शुष्क बंदराचा प्रकल्प आणि डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झालेला समृद्धी महामार्ग यांच्याकडूनही रोजगाराची अपेक्षा बाळगली जाते. बांधकाम संपल्यावर अशा प्रकल्पांतून गावाला किती कायम काम उरते, यावर त्यांचे मोल ठरेल.

शिकलेल्यांची वाट

खेड्यापाड्यांत शाळा आणि महाविद्यालये पोहोचली तसा बेकारीचा चेहरा बदलला. आजोबा सालगडी, वडील ऊसतोडीला आणि मुलगा पदवीधर, अशी कुटुंबे आता गावोगावी आहेत. पदवी घेतलेला तरुण शेतमजुरीला परतत नाही. तो पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावतो, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत बसतो, छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज किंवा पुण्याच्या चाकणच्या कारखान्यांत ठेकेदारामार्फत लागतो. जमिनीच्या वाटण्या होऊन वाट्याला दोन-तीन एकर उरलेल्या घरांना सरकारी नोकरी हाच स्थैर्याचा एकमेव मार्ग वाटतो. ऑगस्ट २०२३ मध्ये अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे मनोज जरांगे यांनी मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू केले आणि पाहता पाहता तो राज्याचा प्रश्न झाला. पुढच्या वर्षी त्याच परिसरातील वडीगोद्री येथे इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या रक्षणासाठी उपोषण झाले. दोन्ही मंडपांतल्या तरुणांच्या मागण्या एकमेकींविरुद्ध होत्या, पण दोघांच्या घरची कोरडवाहू जमीन आणि नोकरीची टंचाई सारखीच होती.

सरकारी पाहणीत ग्रामीण बेकारीचा आकडा अनेकदा लहान दिसतो. चालू साप्ताहिक स्थितीच्या मोजणीत आठवड्यात एका दिवशी एक तास काम केलेला माणूसही रोजगारात धरला जातो, आणि ज्याच्या घरात साठवण नाही त्याला पूर्ण आठवडा रिकामे बसणे परवडतच नाही. तो अर्धा दिवस का होईना, मिळेल ते काम करतो. म्हणून जालन्यासारख्या जिल्ह्यात बेकारी मोजायची तर किती माणसांना काम आहे यापेक्षा वर्षातले किती दिवस काम आहे, ते घरापासून किती दूर आहे आणि त्यासाठी आधी उचल घ्यावी लागते का, हे विचारावे लागते. छावणी, कापूस, खडी, कोयता, बियाणे आणि भट्टी या प्रत्येक टप्प्याने जिल्ह्याला काम दिले. पण बहुतेक वेळा ते हंगामाचे, ठेक्याचे किंवा परगावचे होते. जिथे पाणी अडले आणि माल गावाजवळ विकला गेला, तिथेच ते बारमाही झाले.